भूमी, 'बुमी' आणि घराचा कागद

एखाद्या शहराचा इतिहास त्याच्या राजवाड्यांपेक्षा त्याच्या खरेदीखतांतून अधिक प्रामाणिकपणे वाचता येतो, असे आम्हांला अलीकडे वाटू लागले आहे. राजवाडा कोणी बांधला हे शिलालेख सांगतो. परंतु जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, कोणत्या अटीवर गेली आणि ती कसणाऱ्याचे पुढे काय झाले, हे सांगायला कागदच लागतो. या दृष्टीने पाहण्यासाठी आम्ही येथे जकार्ताच्या नैऋत्येस सुमारे २५ किलोमीटरवर असलेला सेर्पोंग हा परिसर निवडला आहे. आज तेथे रुंद रस्ते, कुंपणबंद वसाहती, विद्यापीठे आणि प्रदर्शन-केंद्रे आहेत. इंडोनेशियातील मध्यमवर्ग तेथे राहायला जातो आणि पैसे गुंतवायलाही जातो. या दोन क्रियांमधले अंतर किती, हा आमच्या लेखाचा प्रश्न आहे.

या परिसरातील सर्वांत मोठ्या नियोजित शहराचे नाव 'बुमी सेर्पोंग दमाई' असे आहे. मराठी वाचकाला यातला पहिला शब्द परका वाटणार नाही. 'बुमी' म्हणजे आपली भूमी. 'दमाई' हा मलाय शब्द, अर्थ शांतता. शांततेची सेर्पोंगभूमी, असे काहीसे हे नाव. इंडोनेशियन भाषेतील घरबाजाराचा शब्दसंग्रह चाळू लागलो की अशा ओळखी पावलोपावली भेटतात. इमारतींच्या नावांतले 'ग्राहा' आणि 'ग्रिया' हे आपल्या गृहाचे वंशज. 'विस्मा' संस्कृतातील वेश्माचा. नफ्याला 'लाबा' म्हणतात, तो आपला लाभ. किमतीला 'हार्गा' म्हणतात, तो संस्कृतातील 'अर्घ'. याच अर्घापासून निघालेल्या 'महार्घ'चे मराठीत 'महाग' झाले. म्हणजे जकार्ताच्या दलालाचा 'हार्गा' आणि आपल्या गृहिणीचे 'महाग' हे एकाच कुळातले. संस्कृत शब्दांच्या जोडीला अरबीही आहेत. मालकी हक्काला तेथे 'हक मिलिक' म्हणतात. त्यातला 'हक' आपल्या सातबाऱ्यावरही आहे, आणि 'मिलिक'चे नाते आपल्या 'मिळकती'शी आहे. शब्द इतके जवळचे असूनही त्यांच्यामागची जमीन मात्र फार वेगळ्या वाटेने आली आहे.

ती वाट १६१९ पासून सुरू होते. त्या वर्षी यान पीटरझून कून याने जयकर्ता उद्ध्वस्त करून डच ईस्ट इंडिया कंपनीचे ठाणे वसवले आणि पुढे ते बटाव्हिया म्हणून ओळखले जाऊ लागले. शहराभोवतीची जमीन कंपनीने युरोपीय व चिनी धनिकांना विकायला सुरुवात केली. कंपनी बुडाल्यावर डॅंडेल्स आणि त्याच्यामागून आलेला इंग्रज अधिकारी रॅफल्स यांनीही तिजोरी भरण्यासाठी हेच केले. या विक्रीतले वैशिष्ट्य असे, की जमिनीबरोबर तिच्यावरची माणसेही जणू विकली जात. 'तुआन ताना', म्हणजे भूस्वामी, रयतेच्या पिकाचा पाचवा हिस्सा घेई, वेठ घेई आणि आपल्या जमिनीवर जवळजवळ सरकारसारखा वागे. तांगेरांगचा मुलूख अशा खाजगी जमीनदाऱ्यांनी व्यापलेला होता.

या व्यवस्थेविरुद्ध रयत गप्प बसली नाही. १९१६ साली बटाव्हियाच्या दक्षिणेस कोंडेत येथे एन्तोंग गेंदुत याच्या मागे लोक उभे राहिले. थकबाकीसाठी घरांवर आणलेली जप्ती हे तेथील संतापाचे एक कारण होते. १९२४ साली तांगेरांगच्या शेतकऱ्यांनी काइईन याच्या नेतृत्वाखाली उठाव केला. ही जमीन आमच्या पूर्वजांची आहे आणि ती आम्हांला परत मिळाली पाहिजे, हे त्याचे म्हणणे. दोन्ही उठाव चिरडले गेले. खाजगी जमीनदाऱ्या कायद्याने संपल्या त्या १९५८ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्या घोषणेनंतरही तेरा वर्षांनी.

जमिनीचे घरबाजारात रूपांतर होण्याची सुरुवात याच काळात, परंतु शहराच्या जवळ झाली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मेंतेंग ही जमीन युरोपीय रहिवाशांसाठी उद्यान-वसाहत म्हणून आखण्यात आली. आराखड्यामागे वास्तुकार मोयेन होता आणि 'डी बौप्लूख' ही त्याची बांधकाम कंपनी. या कंपनीच्या कचेरीची इमारत आज चुत मुतिया मशीद म्हणून उभी आहे. लोकांच्या तोंडी कंपनीचे नाव 'बोप्लो' झाले आणि शेजारच्या बाजाराला चिकटून राहिले. बांधणारी कंपनी गेली, तिचा अपभ्रंश राहिला. पुढे १९४८ साली केबायोरान बारू या उपनगराची योजना झाली. सुमारे ७३० हेक्टरांचा हा आराखडा थॉमस कार्स्टेन याच्या तालमीत तयार झालेल्या मोहम्मद सुसिलो या इंडोनेशियन नियोजनकाराने केला. मेंतेंगमध्ये घर कोणाचे आणि नोकर कोण हे वंशावरून ठरत होते. स्वतंत्र देशात ते पैशावरून व पदावरून ठरू लागले.

सेर्पोंग तेव्हा रबराचा मळा होता. १८९९ मध्ये रंगकासबितुंगकडे जाणारा लोहमार्ग तेथून गेला होता, एवढाच काय तो शहराशी संबंध. या मळ्यातील लेंगकोंग येथे २५ जानेवारी १९४६ रोजी जपानी सैन्याची शस्त्रे ताब्यात घेण्यासाठी तांगेरांगच्या लष्करी अकादमीचे तरुण छात्र आले. मेजर दान मोगोत त्यांचा नेता होता. बोलणी चालू असताना गोळी सुटली आणि चकमक पेटली. ३३ छात्र व दान मोगोतसह ३ अधिकारी मारले गेले. आज त्या जागेचे स्मारक नव्या शहराच्या पोटात आहे. ज्या मातीसाठी ही मुले मेली ती पुढे चौरस मीटरच्या हिशेबाने विकली गेली, हे वाक्य लिहिणे सोपे आहे; परंतु ते पूर्ण सत्य नाही. त्यांनी ज्या राज्यासाठी प्राण दिले, त्या राज्याने जमिनीविषयी एक वचन दिले होते. खरा प्रश्न त्या वचनाचे काय झाले, हा आहे.

ते वचन १९४५ च्या राज्यघटनेच्या ३३ व्या कलमात आहे: भूमी, पाणी आणि त्यांतील निसर्गसंपत्ती राज्याच्या नियंत्रणात राहील आणि ती जनतेच्या अधिकाधिक समृद्धीसाठी वापरली जाईल. मूळ मजकुरात शब्द 'बुमी' हाच आहे. १९६० च्या मूलभूत भूमी कायद्याने या वचनाला देह दिला. जमिनीवरील प्रत्येक हक्काला सामाजिक कार्य आहे, असे त्याचे सहावे कलम सांगते. पूर्ण मालकी, म्हणजे 'हक मिलिक', मुख्यतः इंडोनेशियन नागरिकालाच मिळते. व्यापारी कंपनीला नाही, परदेशीयालाही नाही. कंपनीला मिळतो तो 'हक गुना बांगुनान', इमारतीसाठी जमीन वापरण्याचा मुदतबंद हक्क. मूळ कायद्यात ही मुदत ३० वर्षांची, आणि वाढ २० वर्षांची. यातला 'गुना' म्हणजे आपला गुण. तिकडे जाऊन त्याचा अर्थ उपयोग असा झाला. मालकी वेगळी आणि उपयोग वेगळा, हा भेद शब्दांतच कोरलेला आहे.

साहित्याच्या अभ्यासकांना येथे प्रामुद्या अनंता तूर यांची आठवण व्हावी. १९६५ च्या उत्पातात जमावाने त्यांच्या जकार्तातील घरावर हल्ला केला, त्यांचा ग्रंथसंग्रह व हस्तलिखिते नष्ट झाली. पुढे खटल्याविना बुरू बेटावर बंदिवासात असताना त्यांनी सहबंद्यांना तोंडी सांगत जी कथा रचली, ती १९८० मध्ये 'बुमी मानुसिया', म्हणजे मनुष्याची भूमी, या नावाने प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्यावर बंदी आली. या कादंबरीकडे प्रेमकथा किंवा राष्ट्रजागृतीची कथा म्हणून पाहण्याची प्रथा आहे. आम्हांला ती मिळकतीच्या खटल्याचीही कथा वाटते. न्याइ ओंतोसोरो ही डच माणसाने ठेवलेली जावानी स्त्री. शेतीवाडीचा सगळा व्यवहार ती आपल्या हिमतीने उभा करते. परंतु कायद्याच्या नजरेत ती पत्नी नाही, आई नाही, मालकीण तर नाहीच. युरोपीय न्यायालय तिचे घर आणि तिची मुलगी दोन्ही तिच्या हातून काढून घेते. राबणारा एक आणि कागदावरचे नाव दुसऱ्याचे, ही तांगेरांगच्या रयतेची गोष्ट प्रामुद्यांनी एका घराच्या चौकटीत बसवली आहे.

कादंबरीनंतर चारच वर्षांनी, १९८४ मध्ये, 'बुमी सेर्पोंग दमाई' ही कंपनी स्थापन झाली. योगायोगापलीकडे या क्रमात काही नाही. तरी एकाच दशकात एका 'बुमी'वर बंदी आणि दुसऱ्या 'बुमी'ला परवाना, हे चित्र विसरता येत नाही. सुहार्तो राजवटीत घरबांधणीला आधीच गती आली होती. १९७४ मध्ये सरकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली, १९७६ मध्ये सरकारी बचत बँकेने गृहकर्ज देणे सुरू केले. ऑक्टोबर १९८८ मध्ये बँकांवरचे निर्बंध सैल झाले आणि पैसा जमिनीकडे वाहू लागला. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, १९८९ च्या आरंभी, विकासक चिपुत्रा यांच्या पुढाकाराने सुमारे ६००० हेक्टरांच्या या शहराचा प्रारंभ झाला.

या विस्तारामागचे यंत्र म्हणजे 'स्थान-परवाना'. एखाद्या कंपनीला विशिष्ट क्षेत्राचा परवाना मिळाला, की तेथील शेतकऱ्याला व्यवहारतः त्याच कंपनीला जमीन विकावी लागे. गिऱ्हाईक एकच असेल तर भाव कोण ठरवणार, हे वेगळे सांगायला नको. एका महागड्या घरामागे तीन मध्यम आणि सहा साधी घरे बांधावीत असा १९९२ चा दंडक होता. पुष्कळ ठिकाणी तो कागदावरच राहिला.

मग १९९७ चे संकट आले. डॉलरमागे सुमारे २४०० असलेला रुपिया जून १९९८ पर्यंत १६००० च्या पलीकडे घसरला. त्या वर्षी महागाई सुमारे ७७ टक्के झाली आणि व्याजाचे दर ७० टक्क्यांच्या आसपास पोचले. हप्ते थकले, अर्धवट सांगाडे उभे राहिले, विकासक कर्जात बुडाले. मे १९९८ मध्ये चिनी वंशाच्या नागरिकांची दुकाने व घरे जाळली गेली. या शहराची सूत्रेही पुढे सिनार मास समूहाकडे गेली. सामान्य कुटुंबाने मात्र या संकटातून एक धडा घेतला: बँकेतला पैसा वितळतो, भिंत वितळत नाही. गुंतवणूक हा शब्द ऐकला की आपण नाक मुरडतो. परंतु ज्याने आयुष्याची बचत एका वर्षात विरघळताना पाहिली, त्याने दुसरे घर घेतले तर ते लोभापेक्षा भयाने घेतले असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

२००८ मध्ये दक्षिण तांगेरांग हे स्वतंत्र शहर म्हणून वेगळे झाले. २०१० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे १२.९ लाख होती, २०२० मध्ये १३.५ लाखांवर गेली. नव्या वसाहतींच्या भिंतींना लागूनच जुने 'काम्पुंग', म्हणजे गावठाण, आहेत. आतल्या घरांत काम करणारी माणसे पुष्कळदा तेथूनच येतात.

राहणे आणि गुंतवणे यांतला फरक शेवटी काळाशी असलेल्या नात्यात आहे, असे आम्हांला वाटते. राहणारा माणूस जागेला स्मृती देतो. गुंतवणारा तिला भविष्यातला भाव देतो. 'हार्गा' या शब्दाच्या मुळाशी असलेल्या अर्घाचे दोन्ही अर्थ आपल्याकडे टिकले आहेत: मोल तोच, आणि पाहुण्याला व देवाला आदराने दिले जाणारे अर्घ्यही तेच. तांगेरांगच्या भूमीला मोल अनेकदा मिळाले आहे. कंपनीने दिले, जमीनदाराने दिले, परवानाधारकाने दिले. लेंगकोंगच्या मुलांनी दिले ते अर्घ्य होते. घटनेतला 'बुमी' आणि कंपनीच्या नावातला 'बुमी' यांच्यामध्ये ते स्मारक आजही उभे आहे; घराचा कागद हाती घेताना तेथे एकदा जाऊन यावे, इतकेच.