दंतचिकित्सालयातील सहायक कर्मचारी : टिकवावेत कसे?

दातांचा दवाखाना उभारताना रुग्णाची खुर्ची, क्ष-किरण यंत्र, ऑटोक्लेव्ह, कॉम्प्रेसर या साऱ्यांची जुळवाजुळव कर्ज काढून करता येते. काम शिकलेला सहायक कर्मचारी मात्र असा विकत मिळत नाही. तो दवाखान्यातच घडवावा लागतो. घडलेला कर्मचारी वर्षा-दोन वर्षांत सोडून गेला की शिकवण्याचे चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मोठ्या शहरांतील साखळी दवाखान्यांना हा प्रश्न मनुष्यबळ विभागावर सोपवता येतो. रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या गावी, जेथे एक डॉक्टर आणि दोन-तीन कर्मचारी असाच बहुतेक दवाखान्यांचा संसार असतो, तेथे एका व्यक्तीच्या जाण्याने निम्मा दवाखाना रिकामा होतो.

सहायकाचे काम नेमके काय?

खुर्चीशेजारी उभी राहणारी सहायिका केवळ साहित्य हाती देत नाही. तोंडातील लाळ व पाणी सक्शनने ओढणे, प्रकाशझोत नीट धरणे, सिमेंट योग्य घट्टपणाचे कालवणे, साच्याचे मिश्रण वेळेत तयार करणे आणि घाबरलेल्या रुग्णाला धीर देणे ही तिची कामे. डॉक्टरांचे दोन व सहायकाचे दोन अशा चार हातांनी काम करण्याची पद्धत दंतवैद्यकात रूढ झाली ती यामुळेच. सहायक अनुभवी असेल तर रूट कॅनॉलसारख्या उपचारात वेळ वाचतो आणि डॉक्टरांच्या मानेवरचा व पाठीवरचा ताणही कमी होतो.

याहून महत्त्वाचे काम रुग्णाच्या नजरेआड चालते. वापरलेली उपकरणे घासून धुणे, कोरडी करणे, पाकिटात बंद करणे आणि ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली १२१ अंश सेल्सियसवर ठरावीक वेळ ठेवणे ही निर्जंतुकीकरणाची साखळी आहे. तिची एक कडी निसटली तरी पुढच्या रुग्णाला कावीळ ‘ब’सारख्या रक्तातून पसरणाऱ्या आजाराचा धोका संभवतो. यंत्राचे झाकण उघडले म्हणजे उपकरणे निर्जंतुक झालीच असे नवख्याला वाटू शकते. जुना कर्मचारी मात्र पाकिटावरच्या पट्टीचा रंग पाहिल्याखेरीज ते ट्रेमध्ये ठेवत नाही. म्हणूनच कर्मचारी टिकण्याचा प्रश्न डॉक्टरांच्या सोयीपुरता मर्यादित नसून रुग्णाच्या सुरक्षिततेशी जोडलेला आहे.

एवढी जबाबदारी असूनही या कामाला कागदोपत्री ओळख तोकडीच मिळाली. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यात दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक यांच्या नोंदणीची तरतूद होती. खुर्चीशेजारच्या सहायकासाठी स्वतंत्र नोंदवही नव्हती. पाच वर्षे काम करूनही हाती प्रमाणपत्र नसल्याने अनुभवाचे मोल ठरत नाही. मग थोड्या अधिक पगाराची, कापड दुकानातील वा शोरूममधील नोकरीही अधिक चांगली वाटू लागते.

रत्नागिरीची परिस्थिती

कोकणातून मुंबईकडे जाणारा मनुष्यबळाचा ओघ जुना आहे. २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजारांच्या घरात होती आणि आधीच्या दशकाच्या तुलनेत ती सुमारे ४.८ टक्क्यांनी घटलेली होती. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण ११२२ इतके होते. कामासाठी पुरुष बाहेर आणि घर, शेती, म्हातारी माणसे सांभाळणाऱ्या स्त्रिया गावी, असे चित्र या आकड्यांतून उभे राहते. दवाखान्यांतील सहायिका आणि स्वागतिका प्रामुख्याने याच कुटुंबांतून येतात. नोकरी सोडण्याची त्यांची कारणेही मुंबई-पुण्याच्या कारणांहून काहीशी वेगळी असतात.

पहिले कारण वेळेचे. दंतवैद्यांकडे गर्दी होते ती संध्याकाळी, नोकरदार मोकळे झाल्यावर. दवाखाना रात्री साडेआठला बंद झाला तर शहरात राहणाऱ्या सहायिकेला अडचण नसते. पण पावस, गोळप, कोतवडे किंवा हातखंबा या बाजूला राहणाऱ्या मुलीच्या दृष्टीने एसटीची शेवटची गाडी हाच नोकरीचा खरा करार असतो. पावसाळ्यात गाड्या उशिरा धावू लागल्या की घरचे ‘नोकरी सोड’ म्हणतात.

दुसरे कारण सणांचे. गणपती आणि शिमगा हे कोकणात केवळ सुटीचे दिवस नसतात. चाकरमानी घरी येतात, पालखी दारी येते, आणि घरातील सुनेने व मुलीने तेथे असावे अशी साऱ्यांची अपेक्षा असते. त्याच दिवसांत गावी आलेले मुंबईकर दातांचे रखडलेले उपचारही उरकून घेऊ पाहतात. डॉक्टरांना माणसांची गरज अधिक आणि कर्मचाऱ्यांना रजेची निकड मोठी, अशी ही ओढाताण असते. ऐनवेळी रजा नाकारली गेल्यास गणपतीनंतर कर्मचारी परत येतच नाही. तिसरे कारण लग्नाचे व बाळंतपणाचे. ते अटळ मानून बहुतेक ठिकाणी त्याचा विचारच केला जात नाही.

केवळ पगार पुरेसा आहे काय?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व लेखापालांना नोकरीतील समाधान-असमाधानाची कारणे विचारली होती. पगार, कामाची परिस्थिती आणि वरिष्ठांची वागणूक वाईट असेल तर माणूस असमाधानी होतो. पण त्या चांगल्या असल्या म्हणून तो कामात रमतोच असे नाही. रमण्यासाठी जबाबदारी, कौतुक आणि प्रगतीची वाट लागते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर पुढे वाद झाले, तरी लहान दवाखान्याला त्यातून उपयुक्त क्रम मिळतो : आधी तक्रारीची कारणे दूर करावीत, मग कामाची गोडी वाढवावी.

पगाराची बाजू प्रथम. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांपैकी वेतन संहितेनुसार मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत देणे आवश्यक आहे आणि नोकरी सोडणाऱ्याचे वेतन दोन कामकाजी दिवसांत चुकते करावे लागते. किमान वेतनाखाली पगार देता येत नाही. ‘महिन्याच्या शेवटी बघू’ ही पद्धत त्यामुळे कायद्यातही बसत नाही आणि विश्वासही घालवते. पगारवाढ दर वर्षी ठरावीक महिन्यात, न मागता व्हावी. मागितल्यावर मिळालेल्या वाढीपेक्षा न मागता मिळालेली वाढ रकमेने लहान असली तरी अधिक परिणाम करते.

वेळापत्रक आणि रजा

पगार फार वाढवणे शक्य नसलेल्या दवाखान्याच्या हाती वेळापत्रक हे सर्वांत प्रभावी साधन आहे. बाहेरगावच्या सहायिकेला सकाळची आणि शहरातील कर्मचाऱ्याला संध्याकाळची पाळी द्यावी. शेवटच्या तासात नवा दीर्घ उपचार सुरू करू नये. उशीर झालाच तर घरी पोहोचवण्याची जबाबदारी दवाखान्याची, हा नियम लिहून ठेवावा.

सणांच्या रजा वर्षाच्या आरंभी दिनदर्शिका समोर ठेवून ठरवता येतात. गणपतीत एकीला पहिले दिवस, दुसरीला विसर्जनाचे. शिमग्यात ज्या गावची पालखी ज्या दिवशी, त्या दिवशी तिला मोकळीक. गौरी-गणपतीचे दोन दिवस दवाखानाच बंद ठेवून तातडीच्या रुग्णांसाठी शहरातील दुसऱ्या दंतवैद्याशी आळीपाळीची व्यवस्था करणेही अशक्य नाही. बुडालेल्या दोन दिवसांच्या उत्पन्नापेक्षा नव्या सहायिकेला शिकवण्यात जाणारे महिने महाग पडतात.

सुरक्षितता हा हक्क

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ हे लहान दवाखान्यांनाही लागू आहेत. कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना कावीळ ‘ब’ व धनुर्वात यांची लस देणे, नेमणुकीच्या वेळी आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी करणे, तसेच दरवर्षी प्रशिक्षण देणे त्यांनुसार बंधनकारक आहे. कावीळ ‘ब’च्या लसीच्या तीन मात्रा साधारणतः सहा महिन्यांत पूर्ण होतात, त्यामुळे लसीकरण पहिल्या आठवड्यातच सुरू व्हावे. सुई टोचल्यास काय करायचे, कोणाला सांगायचे आणि तपासणीचा खर्च कोण करणार, हे भिंतीवर लिहिलेले असावे. सुई टोचल्याचे ओरडा बसेल म्हणून लपवले जाते, तेथे कर्मचारी मनाने केव्हाच निघून गेलेला असतो.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदाही येथे लागू आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती नसते. अशा ठिकाणच्या स्त्रीला जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ही माहिती नेमणुकीच्या दिवशीच देणारा दवाखाना कर्मचाऱ्याच्या घरच्यांनाही आश्वस्त करतो.

पुढची पायरी आणि भविष्याची तरतूद

स्वागतिका, खुर्चीशेजारची सहायिका, निर्जंतुकीकरण प्रमुख, दवाखाना व्यवस्थापक अशा पायऱ्या तीन माणसांच्या दवाखान्यातही आखता येतात. प्रत्येक पायरीसोबत वेगळी जबाबदारी आणि थोडी वाढ असावी. कोणती कौशल्ये आत्मसात झाली याचे लेखी प्रमाणपत्र डॉक्टरांनी द्यावे. ते मिळाल्यावर कर्मचारी दुसरीकडे जाईल ही भीती स्वाभाविक आहे. परंतु आपल्या शिक्षणाची नोंद होते हे दिसल्याने थांबण्याचे कारणही निर्माण होते. बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालेल्या होतकरू मुलीला डेंटल हायजिनिस्टच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची माहिती करून द्यावी.

भविष्य निर्वाह निधी २० आणि राज्य कामगार विमा व ग्रॅच्युइटी १० कर्मचाऱ्यांपासून बंधनकारक होत असल्याने लहान दवाखाने त्यातून सुटतात. मात्र निधी व विम्यात स्वेच्छेने सहभागी होण्याची वाट कायद्याने ठेवली आहे. तेही जमत नसेल तर वर्षाला ४३६ रुपयांची प्रधानमंत्री जीवन ज्योती आणि २० रुपयांची सुरक्षा विमा योजना यांचे हप्ते दवाखान्याने भरावेत. या दोन्हींत प्रत्येकी दोन लाखांपर्यंतचे विमा संरक्षण मिळते. प्राप्तिकर न भरणाऱ्या १८ ते ४० वयोगटातील कर्मचाऱ्यांसाठी अटल पेन्शन योजना आहे.

निरोपही नीट व्हावा

सारे करूनही काही जण जाणारच. राजीनामा आल्यावर पगार अडवणे किंवा नेमणुकीच्या वेळी मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणे हे उपाय माणूस रोखत नाहीत, फक्त दवाखान्याचे नाव खराब करतात. आणि लहान शहरात असे नाव लवकर पसरते. जाणाऱ्याशी शांतपणे बोलून खरे कारण विचारावे. एकच कारण दोघांकडून ऐकू आले तर दोष माणसांत नाही, व्यवस्थेत आहे असे समजावे. निर्जंतुकीकरणापासून रुग्णांच्या नोंदीपर्यंतची कामाची रीत एका वहीत लिहिलेली असेल तर नव्या माणसाचे पहिले दिवस सोपे जातात.

बाळंतपणासाठी गेलेल्या सहायिकेची जागा काही महिने राखून ठेवून सुरुवातीला अर्धवेळ काम देऊ केले, तर शिकलेले हात परत मिळण्याची शक्यता मोठी असते. २६ आठवड्यांच्या भरपगारी प्रसूती रजेचे बंधन दहापेक्षा कमी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्यावर नसले, तरी जागा राखण्यासाठी कायद्याची गरज नसते. डॉक्टरांनी जाण्यापूर्वी ‘परत ये’ एवढे सांगावे आणि परत येण्याची तारीख तिच्यासमोर वहीत लिहून ठेवावी.