दुसऱ्या टोचणीचा इतिहास

लस पहिल्यांदा घेतली जाते ती बहुधा भीतीपोटी. पुढची मात्रा मात्र भीती ओसरल्यावर घ्यावयाची असते, आणि नेमके तेच माणसास जड जाते. २०२२ साली आपल्या महाविद्यालयीन तरुणांपैकी अनेकांनी कोविडच्या 'बूस्टर डोस'कडे पाठ फिरवली. त्यांना दोष देण्यापूर्वी थोडे मागे वळून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचली गेली. भारतातील ही पहिली यशस्वी टोचणी होय. एकदा टोचले की जन्मभराची निश्चिती, अशी या लसीचे जनक जेन्नर यांची समजूत होती. पुढे अनुभवाने कळून आले की संरक्षण कालांतराने क्षीण होते. १८७०-७१ च्या युद्धात, सैनिकांना पुन्हा टोचण्याची शिस्त पाळणाऱ्या प्रशियाच्या सैन्यात देवीने थोडेच मृत्यू झाले; फ्रेंच सैन्यात मात्र हजारो दगावले. १८७४ साली जर्मनीने कायदाच केला : एक टोचणी बाळपणी, दुसरी बाराव्या वर्षी, शाळकरी वयात.

आपल्याकडे १८९६ साली मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. तिचेही संरक्षण अल्पकाळ टिके. म्हणजे पुन्हा टोचून घेणे ही काही आजकालची टूम नव्हे.

योगायोग असा की, बरोबर १२५ वर्षांनी, १० जानेवारी २०२२ रोजी, भारतात कोविडची खबरदारीची मात्रा सुरू झाली. त्याआधी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, राज्यातील महाविद्यालये उघडताना दोन मात्रांची अट होती. त्यामुळे विद्यार्थ्यांनी त्या घेतल्या. तिसरीस अशी अट नव्हती. देशात दुसरी मात्रा घेणारे सुमारे ९५ कोटी, तर तिसरी घेणारे सुमारे २२ कोटी. आम्हांस तरुणांनी विचारले, "आम्हांला होऊन होऊन काय होणार?" त्यांच्या वयास धोका कमी होता, हे खरेच. परंतु घरी आजी-आजोबा होते.

या तरुणांनी बूस्टर पूर्वी घेतलेच नव्हते काय? दीड वर्षाचे आणि पाचव्या वर्षाचे त्रिगुणी लसीचे बूस्टर त्यांच्यापैकी बहुतेकांना मिळाले, ते आयांनी तारखा ध्यानी ठेवल्या म्हणून. आमच्या देवरूखात १९५४ साली इंदिराबाई हळबे, म्हणजे सर्वांच्या मावशी, यांनी मातृमंदिर उभारले. त्यांची आरोग्यसेवा आरंभापासून खेड्यापाड्यांतील अशा मातांसाठी होती. अठरा वर्षे आईने वाहिलेली ही आठवण पुढे मुलाने स्वतः वाहावयाची असते. प्रौढपणाची ही एक खूण होय.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली लस घेणे ही प्रेमाची कृती असल्याचे सांगितले होते. शेजाऱ्यावरील प्रेम एकदाच करून संपत नाही. सक्ती उठल्यावर, भीती गेल्यावर, कोणी पाहत नसताना ते पुन्हा करावे लागते. पुढील साथ केव्हा येईल हे कोणास ठाऊक नाही. पण ही शिकवण घराघरांत आतापासून दिली गेली, तर त्या वेळी महाविद्यालयाच्या दारावर अटीचा फलक लावावा लागणार नाही.