गुरुत्वीय लहरींचा शंभर वर्षांचा माग

आइन्स्टाइनने नोव्हेंबर १९१५ मध्ये बर्लिनच्या प्रशियन अकादमीपुढे व्यापक सापेक्षतेची समीकरणे मांडली आणि गुरुत्वाकर्षणाचा अर्थच बदलला. वस्तुमानामुळे अवकाश-काल वक्र होतो आणि ग्रह, तारे, एवढेच काय प्रकाशही, त्या वक्रतेनुसार वाट धरतो, असे ही समीकरणे सांगतात. यातूनच पुढचा प्रश्न निघाला. वस्तुमान हलले तर वक्रता बदलणार, पण त्या बदलाची वार्ता दूरवर कशी पोहोचणार? ती प्रकाशाच्या वेगाने लहरींच्या रूपात पसरते, असे उत्तर आइन्स्टाइनने जून १९१६ मध्ये दिले. त्या लेखात गणिताची चूक राहिली होती. १९१८ मध्ये त्यानेच ती दुरुस्त केली.

या लहरी खऱ्या आहेत की केवळ गणिताचा आभास, ही शंका मात्र पुढे चाळीस वर्षे मिटली नाही. खुद्द आइन्स्टाइन १९३६ मध्ये उलट बाजूला गेला. नेथन रोझेनबरोबर लिहिलेल्या लेखात अशा लहरी असूच शकत नाहीत असा निष्कर्ष काढून त्याने तो ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठवला. परीक्षकाने त्रुटी दाखवली तेव्हा संतापून त्याने लेख परत घेतला. पुढे चूक लक्षात आल्यावर बदललेल्या निष्कर्षासह तो दुसऱ्या नियतकालिकात छापून आला. वादाचा निकाल लागला तो १९५७ मध्ये, अमेरिकेतील चॅपेल हिल येथील परिषदेत. दांड्यावर सैल बसवलेला मणी लहर जाताना मागेपुढे घासला जाईल आणि त्या घर्षणाने दांडा तापेल, असा युक्तिवाद रिचर्ड फाइनमनने तिथे केला. उष्णता निर्माण होते म्हणजे लहर ऊर्जा वाहून आणते, आणि ऊर्जा आणणारी गोष्ट आभास असू शकत नाही.

या परिषदेला जोसेफ वेबर हजर होता. मेरीलँड विद्यापीठात त्याने ॲल्युमिनियमचे टनाहून जड दंडगोल टांगले आणि लहर आली की ते कंप पावतील या अपेक्षेने त्यांवर संवेदक बसवले. मेरीलँड आणि शिकागोजवळचे आर्गॉन अशा दोन ठिकाणी एकाच वेळी कंप नोंदले गेल्याचे त्याने १९६९ मध्ये जाहीर केले. इतर प्रयोगशाळांनी तसेच दंडगोल उभारून पाहिले, पण त्यांना काही सापडले नाही. वेबरचा दावा टिकला नाही हे खरे. तरीही या लहरी मोजायला निघालेला पहिला माणूस तोच, आणि पुढच्या पिढीतील अनेक जण या कामाकडे वळले ते त्याच्यामुळे.

लहरींचा पहिला भक्कम पुरावा वेगळ्याच वाटेने आला. रसेल हल्स आणि जोसेफ टेलर यांना १९७४ मध्ये पोर्तो रिकोतील आरेसिबो दुर्बिणीतून एक पल्सार, म्हणजे रेडिओ स्पंद सोडणारा न्यूट्रॉन तारा, सापडला. तो दुसऱ्या एका न्यूट्रॉन ताऱ्याभोवती पावणेआठ तासांत एक फेरी घेतो. वर्षानुवर्षांच्या नोंदींतून दिसले की हा काळ दरवर्षी सुमारे ७६ मायक्रोसेकंदांनी घटतो आहे. लहरींवाटे ऊर्जा गेली तर नेमकी एवढीच घट व्हायला हवी होती. १९९३ चे नोबेल या दोघांना मिळाले.

थेट मोजणीसाठी मात्र लेसर लागला. एल आकाराच्या दोन नळ्यांतून प्रकाश पाठवायचा, टोकाच्या आरशांवरून तो परत आणायचा आणि दोन्ही बाजूंच्या लांबीतला फरक पाहायचा, हे त्याचे तत्त्व. रायनर वाइसने १९७२ मध्ये त्याचा तपशीलवार आराखडा केला. किप थॉर्न आणि रोनाल्ड ड्रेव्हर यांच्या साथीने त्यातून लायगो ही वेधशाळा उभी राहिली. अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन येथील या दोन यंत्रांच्या भुजा ४ किलोमीटर लांब आहेत. मोजायचा बदल प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही शेकडो पटींनी लहान. २००२ ते २०१० या काळातील निरीक्षणांत एकही लहर सापडली नाही.

इतका क्षीण संकेत गोंगाटातून वेगळा करायचा तर तो कसा दिसेल हे आधी ठाऊक असावे लागते, आणि इथे भारतीयांचे काम मोलाचे आहे. मेरीलँडमध्येच पीएच.डी. केलेल्या सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये दाखवले की धक्का बसलेले कृष्णविवर ठोका दिलेल्या घंटेसारखे ठरावीक स्वरात निनादून शांत होते. बंगळूरमध्ये बाला अय्यर यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर जवळ येत जाणाऱ्या जोडताऱ्यांच्या लहरींचे सूक्ष्म गणित मांडले. पुण्याच्या आयुका या संस्थेत संजीव धुरंधर यांनी सत्यप्रकाश यांच्याबरोबर १९९१ मध्ये, अपेक्षित आकाराचे नमुने नोंदींशी ताडून संकेत हुडकण्यासाठी ते नमुने कसे निवडावेत, याची पद्धत मांडली. लायगोच्या शोधपद्धतीच्या पायाशी हे काम आहे.

सुधारित लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर पकडली. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन होऊन ६२ पटींचे एक कृष्णविवर बनले होते. उरलेले तीन सूर्यांएवढे वस्तुमान ऊर्जा होऊन लहरींतून निघून गेले. संकेत लिव्हिंगस्टनला हॅनफर्डच्या सात मिलिसेकंद आधी पोहोचला. शोध ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जाहीर झाला. पुढच्या वर्षीचे नोबेल वाइस, थॉर्न आणि बॅरी बॅरिश यांना मिळाले. ड्रेव्हर त्याआधीच, मार्च २०१७ मध्ये, वारला होता.

लहर कोणत्या दिशेने आली हे दोन यंत्रांवरून नीट कळत नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे आदळले तेव्हा इटलीतील व्हर्गो हे तिसरे यंत्र सोबत होते. त्यात संकेत फारच क्षीण उमटला, आणि त्या क्षीणपणामुळेच आकाशातली जागा आखडत आली. अकरा तासांच्या आत चिलीतील दुर्बिणीने सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत त्या टकरीचा प्रकाश टिपला. सोने, प्लॅटिनम यांसारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत घडतात, याचा पुरावा त्या प्रकाशात मिळाला.

लहरीची दिशा नेमकी कळावी म्हणूनच या यंत्रांपासून दूर, पृथ्वीच्या वेगळ्या भागात आणखी एक यंत्र हवे होते. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळची जागा त्यासाठी निवडली गेली. लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळाची तत्त्वतः मान्यता फेब्रुवारी २०१६ मध्ये मिळाली आणि सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये. इथल्या भुजाही अमेरिकेतल्याप्रमाणे ४ किलोमीटरच्याच असतील.