माकडताप : लसयोग्य प्रथिनांचा शोध

माकडताप म्हणजेच क्यासनूर जंगल रोग हा गोचिडीमार्फत पसरणारा विषाणुजन्य ताप. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा भागात तो प्रथम आढळला. महाराष्ट्रात फोंडाघाटाच्या दक्षिणेस दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये त्याची साथ आली. काजूच्या बागेत पातेरा गोळा करताना गोचिडीची बारीक पिल्ले पायाला चिकटतात, आणि कित्येकदा ध्यानातही येत नाही.

कोंबडीच्या भ्रूणपेशींत वाढवून फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेल्या विषाणूची जुनी लस वारंवार टोचूनही पुरेसे संरक्षण देत नसे. म्हणून लक्ष प्रथिनांकडे वळले. हा विषाणू ३,४१६ अमिनो आम्लांची एकच साखळी बनवतो. ती तुटून दहा प्रथिने होतात. पैकी बाह्य आवरणावरील ‘ई’ प्रथिन सर्वांत आश्वासक, कारण प्रतिपिंडे मुख्यतः त्यालाच पकडतात. त्याचे कोणते तुकडे प्रतिकारशक्ती जागवतील, हे संगणकावर ताडता येते. मात्र प्राण्यांवरील चाचणीशिवाय ती निवड कच्चीच.

दुसरी वाट थेट गोचिडीवर नेम धरते. ऑस्ट्रेलियात गुरांच्या गोचिडीच्या आतड्यातील प्रथिने वेगळी करत ‘बीएम८६’ सापडले व त्यापासून गुरांसाठी लस झाली. लस टोचलेल्या गुराचे रक्त प्याल्यावर त्यातील प्रतिपिंडे गोचिडीच्याच आतड्याला इजा करतात.