केप इव्हान्सचा जूनमधला नाताळ

आत या आणि दार आधी लावून घ्या. तारीख २२ जून १९११, ठिकाण अंटार्क्टिकातल्या रॉस बेटावरचं केप इव्हान्स. ५० फूट लांब, २५ फूट रुंद अशी ही लाकडी झोपडी. थंडी अडवायला भिंतींच्या फळ्यांमध्ये गोणपाटात शिवलेलं वाळकं समुद्रशेवाळ भरलंय. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर निघालेली कॅप्टन स्कॉटसह २५ माणसं इथे हिवाळा काढताहेत. एप्रिलच्या अखेरीस मावळलेला सूर्य आता ऑगस्टच्या उत्तरार्धातच दिसायचा.

डोळे जरा दिपतील, ॲसिटिलिनच्या दिव्यांचा उजेड पांढराफटक असतो. वासाचीही सवय व्हावी लागेल. चुलीचा धूर, तंबाखू, ओली लोकर, शिवाय झोपडीला लागूनच घोड्यांची पागा.

वर पाहा. आढ्याखाली युनियन जॅक आणि स्लेजचे झेंडे टांगलेत. जूनमध्ये नाताळासारखा थाट का, तर खऱ्या नाताळात इथे चोवीस तास ऊन असतं आणि ते कामाचे दिवस. गेला नाताळ तर यांनी ‘टेरा नोव्हा’ जहाजावर, बर्फाने वेढलेल्या समुद्रातच काढला. आज सूर्य सर्वांत दूर पोचलाय, इथून पुढे तो परतायला लागणार. सणाला याहून योग्य मुहूर्त कुठला?

दुपारी केक कापला गेला आणि चेरी-गॅरार्डने संपादित केलेला ‘साउथ पोलर टाइम्स’चा अंक स्कॉटच्या हाती पडला. आता रात्रीचं जेवण. स्वयंपाकी क्लिसोल्ड सीलचं सूप वाढतो, मग भाजलेलं बीफ, तळलेले बटाटे, शेवटी ज्वाळांसकट प्लम पुडिंग. शॅम्पेनही आहे. प्रत्येकाला उठून चार शब्द बोलावे लागतात. त्यानंतर छायाचित्रकार पाँटिंग इथेच काढलेल्या फोटोंच्या स्लाइड पडद्यावर दाखवतो आणि इतके दिवस अंधारात बुडालेले डोंगर, बर्फाचे कडे पुन्हा उन्हात उभे राहतात.

मग बॉवर्स झाड घेऊन येतो. शेकडो मैलांत झाडाचं पानही नाही, म्हणून त्याने स्कीची काठी बुंध्यासाठी घेतलीय, बांबू चिरून फांद्या केल्यात आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला पिसं बांधलीत. जवळ जाऊन पाहा. फांद्यांवर मेणबत्त्या, गोळ्या, साखरेत मुरवलेली फळं, विल्सनच्या सामानातून निघालेली फुटकळ खेळणी. मोहिमेची सारी रसद सांभाळणारा हा माणूस कामातून वेळ काढून हे करत बसला, याचं मला अपार मोल वाटतं. अंधाराच्या महिन्यांत माणसाला भाकरीइतकीच अशा खटाटोपाची गरज असते.

पाचच दिवसांनी, २७ जूनला, बॉवर्स, विल्सन आणि चेरी-गॅरार्ड एम्परर पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझियरकडे निघतील. उणे ६० अंश सेल्सिअसची थंडी सोसून फक्त तीन अंडी घेऊन परततील. आणि ध्रुवावरून परतताना, पुढच्या वर्षीच्या मार्चअखेर स्कॉट, विल्सन, बॉवर्स, ओट्स आणि एडगर इव्हान्स यांच्यातला एकही जिवंत नसेल. तुम्हाला हे ठाऊक आहे. सांगून काही उपयोग नाही, भूतकाळात आलेल्या पाहुण्याला जीभ नसते.

थोडा वेळ बाहेर जाऊन या. पूर्वेच्या आकाशात ध्रुवीय प्रकाशाचे झोत एकावर एक चढताहेत, पडद्यासारखे हलताहेत. कान दुखायला लागले की आत या.

आत टेबलं भिंतीला सारून नाच सुरू झालाय. एरवी गप्प, सदा घोड्यांच्या काळजीत असणारा ओट्स आज ओळखू येत नाही. झाडावरून त्याला स्पंज, शिट्टी आणि खेळण्यातली बंदूक मिळालीय. ती घेऊन तो एकेकावर नेम धरतो आणि गोळी लागली की खाली पडा, एवढीच त्याची विनंती. आता बंदूक तुमच्यावर रोखलीय. पडा. मनापासून पडा, फळ्या वाजल्या पाहिजेत. तो खळखळून हसतो आणि पुढच्या गड्याकडे वळतो.