फिश टँकमधील अनोळखी प्रवाळ कसे ओळखावे?

गोंदिया जिल्ह्यातील मुर्रीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तलावांचा जिल्हा अशी ख्याती असलेल्या या भागात पाण्याला तोटा नाही, पण ते सारे गोडे. तरीही कृत्रिम समुद्री मीठ, फिल्टर आणि निळे दिवे यांच्या साहाय्याने खाऱ्या पाण्याची टाकी आज कोणत्याही गावात उभी करता येते. अशा टाकीतील दगडावर एखादे अनोळखी प्रवाळ वाढताना दिसले, तर ते कोणते हे ठरवायचे कसे? हा प्रश्न केवळ छंदापुरता मर्यादित नाही. भारतात त्याच्या उत्तराशी कायदाही जोडलेला आहे.

पहिली पायरी : सांगाडा आहे का?

प्रवाळ हा वनस्पती नव्हे, तर प्राणी आहे. पॉलिप नावाचे असंख्य लहान जीव एकत्र राहून त्याची वसाहत तयार होते. पाषाणी प्रवाळातील प्रत्येक पॉलिप आपल्या तळाशी कॅल्शियम कार्बोनेटची कठीण वाटी बांधतो. वाटीच्या आत कडेपासून मध्याकडे जाणारे उभे पडदे असतात आणि त्यांची मांडणी सहाच्या पटीत असते. मऊ प्रवाळांत अशी वाटी नसते व त्यांच्या पॉलिपला पिसांसारखे आठ स्पर्शक असतात. अंगठीत घालण्याचे लाल पोवळे कठीण असले तरी ते याच आठ स्पर्शकांच्या गटातले आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. झोअँथिड हे मऊ जीवही प्रवाळांसारखे दिसतात. त्यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असल्याने अनोळखी दगड हाताने खरवडू नये किंवा उकळू नये.

रंगावर विसंबू नये

प्रवाळाच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशसंश्लेषणातून त्याला अन्न पुरवते. प्रकाश, तापमान किंवा पाण्यातील क्षार बदलले की शैवालाचे प्रमाण बदलते आणि त्याबरोबर रंगही. शैवाल निघून गेले की प्रवाळ पांढरे पडते. निळ्या दिव्यांखाली तर साधे तपकिरी प्रवाळही हिरवे चमकू शकते. म्हणून छायाचित्र पांढऱ्या प्रकाशात, पाण्याचा पंप काही क्षण थांबवून आणि शेजारी मोजपट्टी धरून घ्यावे. अनेक जातींचे पॉलिप रात्री उमलत असल्याने दिवसाचे व रात्रीचे अशी दोन छायाचित्रे उपयोगी पडतात.

वाट्या आणि स्पर्शक

यानंतर वाटीचा आकार पाहावा. जेमतेम एक-दीड मिलिमीटरच्या वाट्या दाटीने असतील आणि पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत भासत असेल, तर पोरायटिसचा विचार करावा. मोठ्या वाट्यांमध्ये शेजाऱ्यांची भिंत सामाईक असेल तर ते फॅव्हायटिस असण्याची शक्यता असते. प्रत्येकीची भिंत स्वतंत्र असून मध्ये खाच दिसत असेल तर ते डिप्सास्ट्रिया असू शकते. जुन्या पुस्तकांत हेच प्रवाळ फेव्हिया या नावाने आढळते. फांद्यांच्या प्रत्येक टोकाला एक ठळक वाटी असणे ही अ‍ॅक्रोपोराची खूण आहे. लांब, फुलासारखे पॉलिप असतील तर स्पर्शक मोजावेत. ते २४ असल्यास गोनिओपोरा आणि १२ असल्यास अल्व्हिओपोरा.

एवढ्यावरून प्रजातीचे नाव मात्र सांगता येत नाही. एकाच प्रजातीची वसाहत प्रवाह आणि प्रकाशानुसार वेगवेगळे रूप घेते, टाकीतील तुकडा तर अधिकच. पाषाणी प्रवाळांचा मायटोकाँड्रियामधील डीएनए अतिशय सावकाश बदलतो. त्यामुळे नेहमीच्या जनुकीय चाचणीतूनही जवळच्या प्रजाती वेगळ्या करणे कठीण जाते. प्रजातीच्या निश्चितीसाठी तज्ज्ञ स्वच्छ केलेला सांगाडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

कायद्याला एवढी ओळख पुरते

प्रजाती निश्चित झाली नाही, तरी कायद्याच्या दृष्टीने फरक पडत नाही. २००१ मध्ये सर्व पाषाणी प्रवाळांचा समावेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत झाला. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही ते त्याच अनुसूचीत आहेत. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांसंबंधीच्या गुन्ह्याला किमान ३ आणि कमाल ७ वर्षे तुरुंगवास व किमान २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. शोभेसाठी ठेवलेला मृत सांगाडाही यातून सुटत नाही. परदेशातून प्रवाळ आणायचे तर साइटिस कराराखालील परवाना लागतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पाषाणी प्रवाळ आहेत. १९८७ मध्ये घोषित झालेल्या सिंधुदुर्गातील मालवण सागरी अभयारण्यात पोरायटिस व फॅव्हायटिस आढळतात. गोंदिया-भंडाऱ्यातील नवेगाव-नागझिरा प्रकल्पातील वाघाला ज्या अनुसूचीचे संरक्षण आहे, तेच या इवल्या जीवांनाही आहे.

त्यामुळे वाटी आणि पडदे स्पष्ट दिसले, तर प्रवाळ विकू नये, कोणाला देऊ नये आणि तलावात टाकू नये. गोड्या पाण्यात ते मरते. छायाचित्रे व खरेदीची पावती सांभाळून जवळच्या वन विभाग कार्यालयाला कळवावे, हाच सुरक्षित मार्ग.