चियाची कुळकथा

दिवाळीच्या फराळाचे ताट समोर आले की त्यातला कोणता जिन्नस मूळचा कोठला, अशी चौकशी करण्याची आपल्याकडे रीत नाही. ते योग्यच आहे. पाहुण्याला पगार आणि पदार्थाला गाव विचारणारा मनुष्य कोणत्याच पंक्तीला आवडत नाही. परंतु इतिहासाचे व्यसन एकदा जडले की जिभेबरोबर डोकेही चालू लागते. चिवड्यातला शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, काजू ब्राझीलचा, मिरची मेक्सिकोच्या बाजूची. ही सारी मंडळी पंधराव्या शतकाच्या अखेरीनंतर समुद्र ओलांडून आली आणि आपल्या घरात अशी रुळली की त्यांना परके म्हणणाराच आज वेड्यात निघेल.

अलीकडे या ताटाशेजारी एक उभा काचेचा पेला येऊन बसू लागला आहे. त्यात तळाशी आंब्याचा पिवळा गर, त्यावर नारळाच्या दुधात फुगलेल्या काळ्या-करड्या बियांचा पांढरा थर, त्यावर पपई, पुन्हा पांढरा थर आणि माथ्यावर अननसाच्या फोडी. तरुण मंडळी याला ‘चिया पुडिंग’ म्हणतात. माझ्या पुतणीने गेल्या वर्षी हा पेला माझ्या हाती देताना त्याची ओळख मोठ्या सोप्या शब्दांत करून दिली. “काका, हा आपला सब्जाच समजा, फक्त परदेशी.”

तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. सब्जा आणि चिया ही दोन्ही तुळशीच्या कुळातली. दोन्ही बिया पाण्यात पडल्या की अंगाभोवती बुळबुळीत कवच धरतात. पण स्वभाव निराळे. सब्जा एकसारखा काळा, तर चियाच्या दाण्यावर करड्या, तपकिरी आणि पांढऱ्या रेषांची नक्षी. सब्जा चार-पाच मिनिटांत फुगतो आणि फालुद्यात दाणा दाणा वेगळा राहतो. चिया सावकाश फुगते, आपल्या वजनाच्या दसपट पाणी सहज धरून ठेवते, आणि पेल्यातले सारे दूधच घट्ट करून टाकते. फालुदा प्यावा लागतो. हा पदार्थ चमच्याने खावा लागतो. हा भेद पुतणीला सांगितला आणि मग माझ्या सवयीप्रमाणे मी चियाच्या कुळाच्या मागे लागलो.

वनस्पतिशास्त्रात चियाचे नाव ‘साल्विया हिस्पानिका’, म्हणजे स्पेनची साल्विया. हे नाव लिनियसने १७५३ मध्ये दिले आणि त्यात एका मोठ्या विस्मरणाची खूण आहे, कारण ही वनस्पती स्पेनची नव्हेच. ती मेक्सिको आणि ग्वातेमालाची. लुटलेल्या घरातला दागिना लुटारूच्या नावाने ओळखला जावा, त्यातलाच हा प्रकार. तिथल्या नाहुआ लोकांच्या भाषेत तिला ‘चियान’ म्हणत. मेक्सिकोच्या दक्षिणेकडील चियापास या प्रांताचे नावही याच शब्दावरून पडले असे सांगतात.

अझ्टेक राज्यात चिया हे काही हौसेचे खाणे नव्हते. ते सरकारी कोठारातले धान्य होते. याचा पुरावा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. स्पॅनिश विजयानंतर सुमारे १५४१ मध्ये मेक्सिकोतील चित्रकारांनी एक चित्रपोथी तयार केली. पहिला व्हाइसरॉय मेन्दोसा याच्या नावाने ती ओळखली जाते. कोणत्या प्रांताने राजधानीला काय खंडणी द्यावयाची, याची तीत चित्रमय जंत्री आहे: कापडाचे गठ्ठे, पिसांचे पोशाख, कोकोच्या बिया आणि धान्याने भरलेल्या लाकडी कणग्या. त्या कणग्यांतली धान्ये चार: मका, घेवडा, चिया आणि राजगिरा. पोथी निघाली स्पेनच्या राजाकडे, पोहोचली फ्रान्सच्या राजाचा भूगोलवेत्ता आंद्रे तेवे याच्या हाती. त्याने तिच्यावर आपली सही आणि १५५३ हे साल घातले. पुढे ती इंग्लंडात गेली. जिंकलेल्यांचा हिशेब जेत्यांच्या हातोहात कसा फिरतो, हे पाहावयाचे असेल तर या एका पोथीचा प्रवास पुरे आहे.

दुसरा साक्षीदार बेर्नार्दिनो दे साआगुन हा फ्रान्सिस्कन पाद्री. त्याने नाहुआ विद्यार्थ्यांच्या मदतीने, नाहुआ आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत, त्या लोकांच्या जीवनाचा बारा भागांचा प्रचंड ग्रंथ रचला. तो आज फ्लॉरेन्समध्ये आहे. त्यात चियाचे पीठ, पेय, औषध आणि तेल यांचे उल्लेख आहेत. भाजलेले बी दळून केलेले पीठ प्रवासाला सोयीचे. पाण्यात कालवले की जेवण तयार. आपल्याकडच्या सातूच्या पिठाची आठवण यावी असाच हा प्रकार. तेल रंगकामात आणि लाकडी भांड्यांना चकाकी आणण्यासाठी वापरीत.

मग हे धान्य मागे का पडले? चिया देवाच्या नैवेद्याला लागे म्हणून स्पॅनिश पाद्र्यांनी तिच्यावर बंदी घातली, अशी एक कथा आज पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते. कथा चटकदार आहे, पण मला ती पुरेशी वाटत नाही. पाद्र्यांचा राग मुख्यतः राजगिऱ्यावर होता, आणि त्याला कारण होते. राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून, पूजा झाल्यावर त्या प्रसाद म्हणून वाटून खाण्याची तिथे चाल होती. ख्रिस्ती पाद्र्यांना त्यात आपल्याच संस्काराचे विडंबन दिसले. चियाच्या बाबतीत कारणे अधिक साधी आणि म्हणूनच अधिक क्रूर आहेत. १५२० मध्ये देवीची साथ आली, १५२१ च्या ऑगस्टमध्ये तेनोच्तित्लान पडले, आणि पुढल्या शंभर वर्षांत साथींमागून साथींनी त्या लोकांतील बहुसंख्य माणसे नेली. पेरणाराच गेला तर पेरणी कोणी करावयाची? कणग्या मागणारे राज्य संपले. नव्या धन्याला गहू, मेंढरे आणि चांदी हवी होती. शिवाय चिया युरोपात रुजेना. दिवस लहान होऊ लागल्यावाचून ती फुलत नाही, आणि उत्तरेकडच्या थंड देशांत ती वेळ येईतो दाणा भरण्यापूर्वीच कडाक्याची थंडी पडते. मक्याने युरोप जिंकला, बटाट्याने जिंकला; चियाला ऋतूनेच दारात अडवले.

पण ती मेली नाही. खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांनी ती थोडी थोडी पेरीत ठेवली, आणि मेक्सिकोच्या बाजारांत लिंबाच्या सरबतात बी घालून ‘आग्वा दे चिया’ विकले जात राहिले. या सरबतातले लिंबू आणि साखर दोन्ही जुन्या जगातून आलेली, म्हणजे जेत्यांबरोबरची. बी तेवढे घरचे. उत्तरेकडील डोंगरांतले तारावमारा लोक, जे लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी प्रसिद्ध आहेत, तेही हे पेय पितात. पोथ्यांनी जे फ्लॉरेन्स आणि ऑक्सफर्डमध्ये जपले, ते या लोकांनी मातीत जपले. माझ्या मते दुसरे काम अधिक अवघड होते.

विसाव्या शतकात चियाचे पुनरागमन झाले तेही मोठ्या विनोदी वेषात. अमेरिकेत १९७७ पासून मातीची छोटी चित्रे विकली जाऊ लागली. अंगावर चियाचे ओले बी थापले की काही दिवसांत हिरवे केस उगवत. एके काळी राजाच्या कोठारात खंडणी म्हणून जाणारे धान्य आता खेळण्यातल्या मेंढ्याची लोकर झाले! गंभीर प्रयत्न १९९१ मध्ये अर्जेंटिनाच्या वायव्य भागात सुरू झाला. तिथे शास्त्रज्ञ आणि शेतकरी यांनी मिळून चियाची व्यापारी लागवड करून पाहिली. बियांत भरपूर तंतू आणि सुमारे तीस टक्के तेल, आणि त्या तेलात जवसासारखे ओमेगा-३, हे ध्यानात आल्यावर मागणी वाढली. २००९ मध्ये युरोपीय संघाने पावात चिया घालण्यास ‘नवे अन्न’ म्हणून परवानगी दिली. हजारो वर्षांचे धान्य, आणि परवाना ‘नव्या अन्नाचा’! पुढे मैसूरच्या केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या प्रयत्नांनी कर्नाटकातही चिया पिकू लागली.

आता पेल्यातल्या फळांकडे वळू. कारण त्यांचे प्रवासही चियाइतकेच लांबचे आहेत. अननस अमेरिकेचा. कोलंबसाच्या माणसांनी तो १४९३ च्या नोव्हेंबरात ग्वादलूप बेटावर पाहिला. पोर्तुगीजांनी त्याच्या ब्राझीली नावासकट तो सोळाव्या शतकात हिंदुस्थानात आणला. आणि जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात, आग्र्याच्या बागेत हे फिरंगी बंदरांतले फळ हजारोंनी पिकते, अशी नोंद केली. पपईही अमेरिकेची. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोतेन या डच प्रवाशाने ती फिलिपिन्स आणि मलाक्क्यावरून इकडे आल्याचे लिहून ठेवले आहे.

आंबा मात्र उलट दिशेने गेला. मल्याळममधल्या ‘माङ्ङ’ या शब्दाचा पोर्तुगीजांनी ‘मांगा’ केला. आणि मनिला व आकापुल्को यांच्यामध्ये १५६५ पासून १८१५ पर्यंत ये-जा करणाऱ्या स्पॅनिश गलबतांचा रस्ता उघडल्यावर आंबाही पॅसिफिक ओलांडून मेक्सिकोत पोहोचला. तिथे त्याच्या एका जातीला आजही ‘मनिला’ म्हणतात. दुसरी नामांकित जात आताउल्फो, आणि ती चियापास प्रांताची. म्हणजे ज्या प्रांताच्या नावात चिया आहे, त्याच प्रांताच्या बागांत आपला आंबा पिकतो. नारळही फिलिपिन्सच्या लोकांबरोबर कोलिमाच्या किनाऱ्यावर गेला, आणि माडी काढण्याची विद्याही बरोबर गेली. कोलिमात ‘तुबा’ या फिलिपिनी नावाने ती अजून विकली जाते. आपल्या कोकणातल्या माणसाला तिथे परके वाटू नये.

एवढी कुळकथा ऐकून गृहिणी म्हणतील, “ते सगळे खरे, पण करावयाचे कसे?” तेही सांगतो, कारण इथेही कार्यकारणभाव आहेच. एक कप नारळाच्या दुधाला तीन मोठे चमचे चिया, चवीपुरता गूळ किंवा साखर आणि मिठाची कणी घ्यावी. नीट ढवळून दहा मिनिटांनी पुन्हा ढवळावे. ही दुसरी ढवळणी टाळली तर बियांच्या गाठी होतात आणि सगळा गर तळाशी बसतो. मग रात्रभर शीतपेटीत ठेवावे. थर नीट बसावेत म्हणून आंब्याचा गर पाणी न घालता, घट्टच घ्यावा. पातळ रस खाली झिरपून सारे एक होते. पपईच्या गरात अर्धा चमचा चिया मिसळून थोडा वेळ ठेवला तर तोही थर उभा राहतो. अननस कच्चा घालावयाचा तर शेवटी, वाढतेवेळी. गाईचे दूध वापरले असेल तर फोडी आधी साखरेत शिजवून घ्याव्यात. कच्च्या अननसात प्रथिने फोडणारा पाचक रस असतो, त्याने दूध कडवट होते. पेला काचेचाच घ्यावा. थर दिसले नाहीत तर एवढा खटाटोप कशासाठी?

हा पदार्थ कोणत्याही प्राचीन अझ्टेक पाकशास्त्रातला नाही. तो याच शतकातल्या अमेरिकी स्वयंपाकघरांतला. त्यात कमीपणा काही नाही. माझी तक्रार आहे ती पाकिटांवरच्या जाहिरातीबद्दल. तीत बियांचे गुण मोठ्या अक्षरांत असतात, पण ज्यांनी त्या शतकानुशतके पेरून जिवंत ठेवल्या त्या लोकांचे नाव बहुधा नसते. धान्य आपलेसे करणे हा काही गुन्हा नव्हे. तसे असते तर आपला उपवासच मोडला असता, कारण साबुदाणा, बटाटा, रताळे आणि शेंगदाणा ही उपवासाची सारी भिस्त अमेरिकेची. परंतु आपलेसे करताना मूळ धन्याची आठवण राहिली तर ते देणे मानाचे होते. पुसली गेली तर ती पुन्हा एक खंडणीच.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत हे पेले भराल तेव्हा शेजारी राजगिऱ्याचा लाडू अवश्य ठेवा. मेक्सिकोत तो मधात बांधतात आणि त्याला ‘आलेग्रिया’, म्हणजे आनंद, असे नाव आहे. आपण गुळात बांधतो आणि उपवासाला खातो. अझ्टेक राजाच्या कोठारात शेजारच्या कणग्यांत राहणारी ही दोन भावंडे. एक कधीच आपल्या देवघरापर्यंत पोहोचले, दुसरे आत्ता कोठे उंबऱ्याशी आले आहे. मुले विचारतील तेव्हा त्यांना दोघांचेही गाव सांगा.